आयुष्यभर पुरणारं तेल

ऊर्मिला सरपोतदारला जर्मनीतल्या लुडविग्सहाफेनात येऊन सतरा वर्षं झाली, आणि त्यातली चौदा तिनं तेलाचे वास घेण्यात काढली. असं सांगितलं की लोक जरा चमकून बघतात, पण कामच तसं. राइनकाठच्या केमिकल कंपनीच्या लॅबमध्ये ती गिअरच्या तेलात मिसळायची रसायनं तपासते. किती टिकतात, तापली की काय करतात, गिअरचे दाते एकमेकांवर घासले तर त्यांना वाचवतात की नाही, वगैरे. त्या तेलाला गंधकाचा एक उग्र वास असतो, कुजलेल्या लसणाच्या जवळचा. तो तिच्या कोटाला येतो, केसांना येतो, पर्सलासुद्धा येतो. नवरा मोहन वाल्डॉर्फच्या सॉफ्टवेअर कंपनीत, त्याच्या कपड्यांना कॉफीपलीकडे कसला वास नाही. मुलगी मैथिली चौदा वर्षांची. आई दारात आली की मोबाइलमधून मान वर न करता ती जर्मनमध्ये सांगते, आधी अंघोळ.

लॅबमध्ये ऊर्मिलाचा हात म्हणजे काय विचारता. थेंबाचे दहा भाग करायला सांगा, अकरावा उरणार नाही. मजल्यावर इतरांच्या बाटल्या सांडायच्या, नळ्या फुटायच्या, हिच्या टेबलावर चौदा वर्षांत डाग नाही. पण हीच बाई घरी स्क्रूड्रायव्हर हातात घेते तेव्हा घरच्यांनी चार पावलं मागं सरावं हे बरं. बाथरूमच्या पडद्याचा दांडा तिनं बसवला, तो तिसऱ्या दिवशी, पुण्याहून राहायला आलेल्या सासूबाईंच्या डोक्यात अंघोळ करताना पडला. स्वयंपाकघरातली फळी लोणच्याच्या दोन बरण्यांसकट खाली आली, भिंतीला अजून पिवळा डाग आहे. मोहननं ड्रिल मशीन तळघरात कुलपात ठेवलंय आणि किल्ली कुठे आहे ते तो सांगत नाही. "आईचा हात लागला की गेलंच" हे त्या घरातलं ठरलेलं वाक्य. मोहन ते मराठीत म्हणतो, मैथिली जर्मनमध्ये. ऊर्मिला हसण्यावारी न्यायची, पण तिला ते लागायचं. आणि वाईट म्हणजे एवढ्या वर्षांत तिचाही त्यावर विश्वास बसला होता.

मे महिन्यात तिच्यासमोर पेच आला. लॅब दुसऱ्या विभागात विलीन होणार असं ठरलं आणि बॉस फ्राऊ हार्टुंगनं तिला बोलावून दोन जागा समोर ठेवल्या. एक, सहाव्या मजल्यावर कागदपत्रांचा विभाग. खिडकीतून राइन दिसते, खुर्ची पाठीला हवी तशी वळते, दिवसभर फॉर्म भरायचे आणि परवाने सांभाळायचे. दुसरी जागा टेक्निकुमची. टेक्निकुम म्हणजे छोटा कारखानाच. लॅबमध्ये जे वाटीभर बनतं ते तिथे पिंपभर बनवून बघतात. टाक्या, पंप, पाइप, हातभर लांब पाने, आणि सात तंत्रज्ञ, सगळे दणकट पुरुष. त्यांचं प्रमुख व्हायचं.

"पण तिथे ऑफिसात बसून चालत नाही," फ्राऊ हार्टुंगनं बजावलं. "हात घालावा लागतो. नाहीतर ती माणसं ऐकत नाहीत. सोमवारपर्यंत सांगा."

मनातून ऊर्मिलाला टेक्निकुमच हवं होतं. आपण केलेलं तेल पिंपात उतरताना बघायची तिची कितीतरी वर्षांची हौस. पण हात घालावा लागतो हे ऐकल्याबरोबर तिला तो पडद्याचा दांडा आठवला. सात माणसांसमोर आपण पाना फिरवला आणि पाइपच निखळला तर काय घ्या. आठवडाभर ती सहाव्या मजल्याची खुर्ची चांगली कशी, हेच मोहनला पटवत राहिली. मोहन म्हणायचा, "मला काय पटवतेस? मी कुठे नको म्हणतोय?"

त्याच आठवड्यात गाडी घुमायला लागली. गाडी म्हणजे त्यांची अकरा वर्षांची निळी कोम्बी, म्हणजे मागं लांब डिकी असलेली, मागच्या चाकांवर चालणारी. सत्तरच्या वर वेग गेला की मागून घुं असा आवाज यायचा. मोहनला रोज वाल्डॉर्फला जावं लागतं, त्याचा जीव टांगणीला लागला. गुरुवारी संध्याकाळी दोघं शोरूममध्ये गेले. तिथल्या इस्त्रीच्या शर्टातल्या तरुणानं एक चक्कर मारली आणि निदान सांगितलं, मागच्या डिफरेन्शियलचा आवाज आहे. इंजिनाची ताकद दोन्ही मागच्या चाकांना वाटून देणारी ती दात्यांची पेटी, तिला डिफरेन्शियल म्हणतात.

"तेल कधी बदललंय त्याचं?" ऊर्मिलानं विचारलं.

"ते बदलायचं नसतं," तरुण म्हणाला. "कारखान्यातच आयुष्यभर पुरेल असं भरलेलं असतं."

"कोणाच्या आयुष्यभर?"

"गाडीच्या."

"आणि गाडीचं आयुष्य किती?"

तरुण गोंधळला. ऊर्मिला सुरू झाली. एकशे पन्नास अंशांवर हे तेल किती तासांत म्हातारं होतं, त्यातलं गंधक कुठे जातं, अकरा वर्षांनी त्यात काय शिल्लक राहतं, हे तिनं त्याला सलग दहा मिनिटं सांगितलं. आकडे तिचे स्वतःचे होते, तिनेच मोजलेले. तरुणानं सगळं नम्रपणे ऐकून घेतलं, मग मान वळवली आणि मोहनला विचारलं, "मग तपासणीची टेर्मिन देऊ का? चार आठवड्यांनंतरची वेळ आहे. आवाज राहिलाच तर पूर्ण डिफरेन्शियल नवीन बसवू."

झालं. ऊर्मिलाच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. चौदा वर्षं त्या तेलात बुडून काढली तिनं आणि प्रश्न मोहनला, ज्याला डिपस्टिक कुठे असते तेही माहीत नाही. "नको टेर्मिन," ती म्हणाली. "तेल मी बदलणार. मी स्वतः."

बाहेर आल्यावर मोहन तिच्यामागून गाडीपर्यंत चालत आला. मग हळूच म्हणाला, "स्वतः म्हणजे स्वतः?"

"स्वतः म्हणजे स्वतः. आणि ऐक, हे नीट जमलं तर सोमवारी टेक्निकुम. नाही जमलं तर सहावा मजला, आणि मी परत तोंड उघडणार नाही."

आता जर्मनीत गाडी दारात उभी करून खाली सतरंजी अंथरून तेल काढता येत नाही. जमिनीवर थेंब सांडला तर दंड, शेजारी फोटो काढायला तयारच. त्यासाठी हॉबीवेर्कश्टाट असते. भाड्याचं गॅरेज म्हणा. तासावर जागा घ्यायची, गाडी लिफ्टवर चढवायची, हत्यारं तिथलीच, जुनं तेल ओतायला टाकी तिथलीच, काम मात्र आपलं. ऊर्मिलानं शनिवारची दहा ते एक वेळ घेतली. शनिवारी एकला ते बंद होतं आणि एक म्हणजे एक.

शुक्रवारी सुट्टी टाकून ती तयारीला लागली. तेल आणलं, बुचांच्या नव्या वॉशर आणल्या, आणि लॅबमध्ये लिहितात तशी कामाची रीत लिहून काढली. दोन पानं, एकोणीस पायऱ्या, प्रत्येक पायरीपुढे खूण करायला चौकोन. वर प्लास्टिकसुद्धा चढवलं, तेलकट बोटांनी खराब होऊ नये म्हणून. संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर सासूबाईंना, म्हणजे सुधाताईंना, बातमी कळली.

"अगं, मोहनला करू दे की," त्या पुण्याहून म्हणाल्या.

"अहो आई, त्याला काही येत नाही."

"तेही खरंच," सुधाताई म्हणाल्या, आणि नकळत त्यांचा हात डोक्यावर गेला, जिथे दांडा लागला होता तिथे.

शनिवारी दहा वाजता हॉबीवेर्कश्टाटच्या मालकानं, हेर बेख्टोल्डनं, गाडी लिफ्टवर घेतली. साठीचा माणूस, पोट पुढे, मिशा पांढऱ्या, बोलणं तोडून टाकल्यासारखं. आधी त्यानं चाकं बघितली. "मे महिना आहे. अजून हिवाळ्याचे टायर?" मोहननं आभाळाकडे बघितलं. मग त्यानं ऊर्मिलाची प्लास्टिकची दोन पानं वाचली आणि म्हणाला, "सुंदर अक्षर." तेवढं बोलून झाल्यावर नियम सांगितला. तो हत्यार देईल, सल्ला देईल, पण हात लावणार नाही. इन्शुरन्सची भानगड. दुसऱ्याच्या गाडीला त्यानं हात लावला की ते दुरुस्तीचं गॅरेज ठरतं आणि तसा परवाना त्याच्याकडे नाही.

ऊर्मिला कामाला लागली. बूच साफ केलं, टिक. भांडं खाली ठेवलं, टिक. खालचं बूच सोडवलं. सहज सुटलं. ते निघताना तिची छाती नुसती फुगली. काळंभोर तेल भांड्यात उतरलं आणि वास आला, तोच गंधकाचा, पण थकलेला, करपट. तिनं एका छोट्या बाटलीत नमुना घेतला, बाटलीवर तारीख लिहिली. तेल काढलं आणि नमुना घेतला नाही असं तिच्या हातून होणंच शक्य नव्हतं. बुचाच्या आतल्या, झिजलेलं लोखंड पकडणाऱ्या चुंबकावर करडी पेस्ट होती, काजळासारखी मऊ. बोटांवर चोळून बघितली, कणी नव्हती. म्हणजे दाते शाबूत होते, नवीन डिफरेन्शियलची काही गरज नव्हती. तिनं मोहनला बोलावून ते काजळ दाखवलं. मोहननं चेहरा वाकडा करून कौतुक केलं.

खालचं बूच नवीन वॉशर घालून बंद केलं. पायरी बारा, टिक. पायरी तेरा, वरचं बूच उघडून नवीन तेल भरणे.

वरचं बूच उघडेना.

तिनं पाना लावून ओढलं. नाही. लांब दांड्याचा पाना घेतला, लोंबकळली. नाही. मग मोहन पुढे सरसावला, बाह्या वर करून, आणि त्यानं असा जोर लावला की पाना बुचाच्या खाचेत निसटल्याचा आवाज सगळ्यांना ऐकू आला.

"हाल्ट," हेर बेख्टोल्ड म्हणाला. त्यानं टॉर्च मारून खाच बघितली. "अजून एकदा असं केलंत तर खाच गोल होईल. मग ड्रिलनं काढावं लागेल, आणि ते इथे होत नाही." मग तो ऊर्मिलाकडे वळला. "आधी वरचं उघडायचं. ते उघडलं, तरच खालचं. भरायचं भोक उघडत नसेल तर आहे ते तेल काढायचं नाही. ही चूक प्रत्येक जण एकदा करतो. एवढ्या सुंदर अक्षरात लिहून कोणी केली नव्हती."

ऊर्मिलानं पानं उचलून बघितली. खरंच की. लॅबमध्ये आधी भांडं रिकामं करायचं, धुवायचं, मग भरायचं, असं चौदा वर्षं केलं होतं. भांड्याचं तोंड उघडेल की नाही असा प्रश्न तिला कधी पडलाच नव्हता. आता परिस्थिती अशी की डिफरेन्शियलमध्ये तेलाचा थेंब नाही, गाडी हलवायची सोय नाही, घड्याळात बारा वाजत आलेत. एकला लिफ्ट रिकामी झाली नाही तर गाडी ट्रकवर घालून न्यायची. कुठे? त्याच शोरूममध्ये. त्या इस्त्रीच्या शर्टासमोर.

"टोइंगवाल्याला फोन करून ठेवू का?" मोहननं विचारलं. अगदी मऊ आवाजात विचारलं बिचाऱ्यानं, पण ऊर्मिलाला ते चिडवण्यापेक्षा जास्त झोंबलं. ती तेलाच्या पिंपावर जाऊन बसली. डोळे भरून आले होते. आपला हात लागला की गेलंच, हे शेवटी खरंच निघालं. सोमवारी सहावा मजला. खुर्ची तरी चांगली आहे.

तिनं हात पुसायला चिंधी घेतली आणि बोटं बघत बसली. अडकलेलं बूच. किती बुचं अडकली असतील तिच्या हाताखाली. काचेच्या बाटल्यांची काचेची बुचं, रसायन सुकलं की अशी चिकटतात की जोर लावला तर बाटलीच फुटते. नवीन पोरं ओढत बसतात. ऊर्मिला काय करते? बूच सोडून देते आणि बाटलीची मान गरम करते. बाहेरचं फुगतं, आतलं तेवढंच राहतं. मग बुचावर हलक्या हातानं टकटक. मग थांबायचं. हे थांबणंच कोणाला जमत नाही.

आणि इथे बाहेरचा भाग ॲल्युमिनियमचा होता, बूच पोलादाचं. ॲल्युमिनियम तर किती जास्त फुगतं. ती ताडकन उठली.

"हेर बेख्टोल्ड, गरम हवेचं यंत्र आहे?"

त्यानं ते आणून दिलं, शिवाय एक छोटी हातोडी आणि पितळेचा दांडा दिला. तिनं सांडलेलं तेल आधी पुसून काढलं, मग बुचाभोवती, बुचावर नाही, गोल गोल गरम हवा फिरवायला सुरुवात केली. पाच मिनिटं. टकटक. परत पाच मिनिटं. टकटक. मोहन तीनदा घड्याळ बघून आला. "झालं का?" "नाही." "आता बघू का?" "मोहन, तू जाऊन कॉफी घे." बारा वाजून पंचवीस मिनिटं झाली. शेजारच्या लिफ्टवरचा माणूस आपली गाडी सोडून बघायला येऊन उभा राहिला. हेर बेख्टोल्डनं हात मागे बांधले होते. ऊर्मिलाचं कोणाकडेही लक्ष नव्हतं. लॅबमध्ये असते तशी ती एकटी होती, आणि हातही तेच होते, लॅबमधले. हे तिला तेव्हाच जाणवलं. आजवर घरात हत्यार हातात आलं की ती घाई करायची, मोडणारच आहे तर एकदाचं उरकून टाकू, अशा घाबऱ्या घाईत.

तिनं पाना खाचेत बसवला, हातोडीनं ठोकून घट्ट केला, आणि ओढण्याआधी एक खोल श्वास घेतला. मग सावकाश, एकसारखा जोर. कट् असा आवाज झाला. क्षणभर तिला वाटलं, तुटलं. तुटलं नव्हतं, फिरलं होतं.

"गेनाऊ, अगदी बरोबर," हेर बेख्टोल्ड म्हणाला.

पुढचं सगळं भराभर झालं. तिनं नवीन तेलाची बाटली उघडली, सवयीनं नाकाजवळ नेली, आणि थबकली. तो वास तिच्या ओळखीचा होता. चार वर्षांपूर्वी एका हिवाळ्यात तिनं आणि तिच्या मदतनिसानं जे मिश्रण बसवलं होतं, तेच यात होतं. ते कोणत्या बाटलीत गेलं, कोणत्या गाडीत पडलं, काही ठाऊक नव्हतं. "मोहन, हे माझं आहे," ती म्हणाली. मोहनला काही कळलं नाही, पण त्यानं मान हलवली, कारण बायकोचा चेहरा त्यानं असा बऱ्याच वर्षांत बघितला नव्हता. पंपानं तिनं तेल भरलं, भोकातून बाहेर यायला लागेपर्यंत भरलं, मग बूच जोर मोजून घट्ट केलं. एकला सात मिनिटं कमी असताना गाडी खाली उतरली. जुनं तेल टाकीत गेलं. नमुन्याची बाटली पर्समध्ये गेली.

हेर बेख्टोल्डनं निघताना तिच्याकडून ती प्लास्टिकची दोन पानं मागून घेतली. पेननं तेराव्या पायरीतलं वरचं बूच उघडणं सातवीच्या जागी नेलं, खाली गरम हवेचं लिहून घेतलं, आणि पानं हत्यारांच्या कपाटावर चिकटवून टाकली. नाव लिहा म्हणाला. तिनं लिहिलं.

घरी जाताना मोहननं सत्तरच्या वर गाडी नेली आणि दोघांनी कान दिला. घुं होतंच, पण अर्धं. "अर्धं राहिलं की," मोहन चाचरत म्हणाला.

"ते टायरचं आहे. बर्फासाठीचे खोल खाचांचे टायर मे महिन्यात घुमणारच. पुढच्या शनिवारी बदलू या."

"बदलू या म्हणजे कोण?"

ती नुसती हसली. रात्री मोहन तळघरात जाऊन आला आणि ड्रिल मशीनची किल्ली तिच्यासमोर जेवणाच्या टेबलावर ठेवली. मैथिलीनं जर्मनमध्ये विचारलं की आता घरातल्या भिंतींचा विमा उतरवायचा का.

सोमवारी सकाळी ऊर्मिला फ्राऊ हार्टुंगच्या केबिनमध्ये गेली. साबण लावला, साखर आणि लिंबू लावलं, तरी नखांच्या कडांना काळी रेघ राहिलीच होती. इतर वेळी तिनं हात टेबलाखाली ठेवले असते. आज वर ठेवले.

"टेक्निकुम," ती म्हणाली.

फ्राऊ हार्टुंगनं त्या नखांकडे बघितलं, मग तिच्याकडे. तिला आश्चर्य वाटलं असावं. चौदा वर्षं ही बाई पांढऱ्या कोटात, हातमोज्यांत बघितलेली. "असं? हे मला माहीतच नव्हतं. असं हातानं काम कधीपासून करता तुम्ही?"

"परवापासून," ऊर्मिला म्हणाली.